तीन बाजार टांगायचं कार्ड

१

शनिवारी सकाळी सात वाजता सोनूबाई मथुराबाईंच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि उभीच राहिली. ओटीची पायरी काही चढली नाही. चढायची तिला सोयच नव्हती. तीन वर्षांपूर्वी तळेवाडीच्या गावकीने तिचं घर वाळीत टाकलं, तेव्हापासून वाडीत कोणी तिला पाणी विचारलेलं नाही की सुईदोरा दिलेला नाही. मथुराबाईंनीही नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाई हुशार, बाई सरळ, पण ह्या बाबतीत त्यांनीही काही दिवे लावले नव्हते.

"नाझरबाई, माज्या राहीला धरून नेलानी पोलिसांनी," सोनूबाई म्हणाली. "सरांना तिनं मारलान म्हणतायत. आज चार वाजता कोर्टापुढं उभी करणार. तुमी कोर्टातल्या. तुमच्याबिगर कोणाकडं जाऊ मी?"

मथुराबाई शिवलकर रत्नागिरीच्या कोर्टात बत्तीस वर्षं होत्या. शेवटची अकरा वर्षं नाझर, म्हणजे सगळ्या बेलिफांच्या वरच्या. कोणाच्या दारावर नोटीस डकवायची, कोणाच्या घरावर जप्ती न्यायची, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गावाने नाझरबाई म्हणायचं सोडलं नव्हतं.

गोंधळेकर सर गेल्याचं त्यांना काल संध्याकाळीच कळलं होतं. भिकाजी गोंधळेकर, वय एक्याऐंशी, जन्मभर कायदा शिकवला. म्हातारपणी कायद्यातल्या शब्दांचा कोश करायला घेतला होता. कुठला शब्द लॅटिनमध्ये कुठून उगवला नि आपल्याकडे त्याचं काय झालं, असा. सोनूबाईची राही त्यांच्याकडे टंकलेखनाला जायची. काल दुपारी सर आपल्याच पडवीच्या पायरीशी पडलेले सापडले. जांभ्याच्या पायरीवर डोकं फुटलेलं. आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन राही बसलेली, दोन्ही हात रक्ताने भरलेले.

"मेली होती कुठे ती दुपारी?" मथुराबाईंनी विचारलं. राग सोनूबाईवर नव्हता, पण त्यांचं बोलणंच तसं.

"घरी व्हती. जेवायला आली व्हती. अख्ख्या वाडीतनं चालत आली. पोलिसांनी विचारलानी वाडीत. सगळी म्हणतात, आमी बघितली नाय."

काल एकच्या सुमाराला मथुराबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. पाणंदीतून पावलं गेली होती, पैंजणाची. सोनूबाईच्या घरातलं कोणी जात असलं की मान वळवायची नाही, ही तीन वर्षांची सवय. त्यांनी ती वळवली नाही. आता शपथेवर काय सांगणार, पावलं ऐकली म्हणून? चांगल्या वकिलाने दोन मिनिटांत धुऊन काढलं असतं.

त्यांनी पायांत चपला घातल्या.

२

ठाण्यातला फौजदार तरणाबांड होता, पण उद्धट नव्हता. नाझरबाईंचं नाव त्याने ऐकलं होतं. दहा मिनिटं बोला म्हणाला.

राही बाकावर बसली होती. चोवीस वर्षांची पोर, एका दिवसात चाळीस वर्षांची दिसत होती. मथुराबाईंना बघून ती उठली नि पुन्हा बसली.

"काल सकाळपासून सांग. काही गाळू नको."

राही सांगू लागली. गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून सरांचं एक जुनं पुस्तक टपालाने आलं. सर रात्रभर त्यात डोकं घालून बसले असावेत, कारण शुक्रवारी ती आठ वाजता गेली तेव्हा ते लहान मुलासारखे खूश होते.

"प्रख्यापन ह्या शब्दावर काम चाललं होतं. कायदा नुसता करून भागत नाही, तो लोकांपुढे उघडा करावा लागतो, ते प्रख्यापन. इंग्रजीत प्रोमल्गेट. महिनाभर सर येईल त्याला सांगायचे, हा शब्द 'व्हुल्गुस'वरून आला, व्हुल्गुस म्हणजे लोक. कार्डही तसंच लिहिलेलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी ते फाडलं. म्हणाले, राही, चुकलो गो, हा शब्द दुधाचा आहे. लॅटिनमध्ये 'मुल्गेरे' म्हणजे दूध काढणं. कायदा मोठ्यांच्या पोटात असतो, तो पिळून बाहेर काढावा लागतो, तेव्हा लोकांच्या भांड्यात पडतो. नवीन कार्ड लिहिलं नि दहाच्या सुमाराला स्वतःच्या हाताने दोरीवर लावलं."

"दोरीवर?"

"पडवीत दोरी आहे. रोमन लोकांत म्हणे नवा कायदा आधी तीन बाजार लोकांपुढे टांगून ठेवायचे. ज्याला हरकत असेल त्याने बोलावं, मग मत. सर म्हणायचे, माझा प्रत्येक शब्दपण तीन बाजार टांगणार. रस्त्यावरून बाजाराला जाणारी माणसं वाचतात. हरकत असली तर कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहायची, खाली नाव घालायचं. तीन शनिवार झाले की मी ते उतरवते आणि डब्यात टाकते. काल दोरीवर सात कार्डं होती. दाराकडचं सगळ्यांत नवीन."

"ते नवीन कार्ड तुझ्याखेरीज कोणी वाचलं?"

"कोण वाचणार? काल आडवार, बाजार नव्हता. सकाळभर कोणी आलं नाही. बारा वाजता मी निघाले तोवर तरी नाही."

"आणि बाराला तू सरांवर ओरडत होतीस. शेजारच्या अलीभाईंनी ऐकलं. कशावरून?"

राहीने ओठ घट्ट मिटले.

"अगो, फौजदाराला नको सांगू, मला सांग. चार वाजता तुला कोठडी मिळाली की कपाळावरचा शिक्का जन्मात जायचा नाही. उद्या सुटलीस तरी लोक तुला खुनी राहीच म्हणणार. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग बोल की."

"फौजदारांना एक वेळ सांगेन," राही म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "तुम्हांला नाही सांगणार."

३

सरांचं घर झाडगावात, बाजाराच्या रस्त्याला लागून. पडवीत दोरी होती, दोरीला लाकडी चिमटे, चिमट्यांत कार्डं. मथुराबाईंनी मोजली. सात. राहीने सांगितली तेवढीच.

पायरीवर कोणीतरी पाणी ओतलं होतं, तरी जांभ्याच्या छिद्रांतून काळपट डाग दिसत होता. बत्तीस वर्षांत जप्तीला गेलेल्या घरांतून रडणारी माणसं पाहिली होती. पण हा म्हातारा दर दिवाळीला त्यांना हाक मारून लाडू द्यायचा.

अली मजगावकर कुंपणापलीकडून आले. आयुष्य जहाजांवर गेलेलं, आता गुडघ्यांनी बसवलेला माणूस.

"बाय, मला झोप नाही," ते म्हणाले. "मी फक्त जे ऐकलं ते सांगितलं. पोरगी ओरडत होती, माझ्या बापाचं नाव काढू नका, असं. मग ती गेली. मीपण अंघोळ करून जुम्म्याला गेलो. आमच्या गल्लीत शुक्रवारी एक ते दोन चिटपाखरू नसतं, सगळे पुरुष मशिदीत. आलो सव्वादोनला, तर ही अशी बसलेली."

"म्हणजे एक ते सव्वादोन इथे कोण आलं, कोण गेलं, बघायला कोणी नव्हतं."

"अल्ला होता," अलीभाई म्हणाले.

"त्याला समन्स काढता येत नाही हो. सरांचा नवा शब्द तुम्हांला ठाऊक होता?"

"प्रोमल्गेट ना? हो तर. व्हुल्गुस, व्हुल्गुस करून डोकं खाल्लं होतं. लोक, लोक."

"दुधाचं काही बोलले?"

"दूध? नाही बाय. शब्दात दूध कुठलं?"

मथुराबाई दाराकडच्या कार्डाजवळ गेल्या. तिथे 'प्रख्यापन' हवं होतं. कार्डावर सरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'नकाराधिकार. इंग्रजी व्हेटो. लॅटिन अर्थ: मी मना करतो.' खाली दोन ओळी. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. बाकीच्या सहा कार्डांना चार कोपरे होते. ह्याला तीनच. उजवीकडचा वरचा कोपरा कात्रीने तिरका कापलेला.

"अलीभाई, हा कोपरा?"

अलीभाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे इथे कसं? हे तर संपलेलं कार्ड. तीन बाजार पुरे झाले की राही कोपरा कापते, मग डब्यात. हा व्हेटो गणपतीच्या आधीच उतरवला. मीच मागे हरकत लिहिली होती. बघा."

मथुराबाईंनी पदराने धरून कार्ड उलटलं. मागे पेन्सिलीत अलीभाईंची हरकत होती, खाली त्यांची सही. टेबलावर पत्र्याचा डबा उघडाच पडला होता.

म्हणजे कोणीतरी काल नवीन कार्ड काढून नेलं होतं, आणि दोरीवर रिकामी जागा दिसू नये म्हणून डब्यातलं हाताला लागलं ते तिथे अडकवलं होतं.

४

"राहीने हे केलं नाही," बाईंनी फौजदाराला सांगितलं. कार्ड त्यांनी कोऱ्या कागदात गुंडाळून आणलं होतं. "कोपरे स्वतःच्या हाताने कापणारी पोर कापलेलं कार्ड दोरीला लावील? आंधळी असती तरी बोटांना कळलं असतं. हे लावणाऱ्याला सात कार्डं दिसली, पण त्यांची रीत माहीत नव्हती. ह्यावर बोटं उमटली असतील, जपून ठेवा."

फौजदाराने कागद उलगडून पाहिला, पुन्हा मिटला. "नाझरबाई, ठसे यायला आठवडा जाईल. चार वाजता मी न्यायाधीशांना काय सांगू, कोपरा कापलाय म्हणून? रीत माहीत नसलेला दुसरा माणूस दाखवा. मी गाडी फिरवतो."

दुसरा माणूस म्हटलं तर समोरच होता. सरांचा पुतण्या ऋत्विक, मुंबईहून गुरुवारी आलेला. काकांनी एकट्याने राहू नये, मुंबईला चलावं म्हणून मागे लागला होता, आणि काका ऐकत नव्हते. बाईंनी त्याला सरांच्या ओटीवर गाठलं. पोराचे डोळे सुजले होते, पण जीभ तिखटच.

"त्या चिठ्ठ्यांसाठी काका इथे राहिले आणि गेले. कपडे वाळत घालावेत तसे शब्द वाळत घालायचे! मी हातसुद्धा लावला नाही त्यांना."

"शुक्रवारी कुठे होतात?"

"पहाटे सहाला निघालो, मालगुंडला. मित्राच्या घरी. तिघं जण साक्षीला आहेत, दुपारचं जेवण त्यांच्याचकडे. अडीचला पोलिसांचा फोन आला तिथे."

"निघण्याआधी काका कशावर लिहीत होते, काही बोलले?"

"गुरुवारी रात्री जेवताना तेच पुराण. व्हुल्गुस म्हणजे लोक. कायदा लोकांत नेणं. मी म्हटलं, काका, लोकांना पडलेली नाही." त्याचा आवाज चिरकला. "हे शेवटचं बोललो मी त्यांच्याशी."

मालगुंडचे तिघं खरे निघाले. फौजदाराने फोनवर खातरी केली. साडेबारा वाजून गेले होते. मथुराबाईंना काही सुचेना. वाडीत परतल्या, कारण सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

५

समोरचं घर भावाचं. अनिल शिवलकर, बाईंपेक्षा बारा वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालून शाळेत पोचवलं ते मथुराबाईंनीच. त्याच्यासाठी लग्न केलं नाही असं लोक म्हणत. बाई म्हणत, मला कोणी विचारलंच नाही. आता अनिल वाडीचा गावकर, गावकीतला पहिला माणूस होता, पालखीचा मानकरी होता. शब्द टाकला की वाडी उठायची. बाईंना त्याचा अभिमान होता.

वहिनी माहेरी गेलेली, म्हणून दोघं भावंडं एकत्रच जेवायला बसली. सोलकढी, भात, बांगड्याचं तिखलं.

"कुठे गेली होतीस सकाळपासून?" अनिलने विचारलं. "सोनूबाई आली होती म्हणे अंगणात."

"आली होती."

"गावकीचा ठराव आहे, ताई. तुझ्यासाठी मला लोकांसमोर खाली बघावं लागेल."

"पोरीवर खुनाचा आळ आहे रे."

"आळ कसला? रंगेहाथ सापडली." त्याने भात कालवला. "मी तर म्हणतो, म्हाताऱ्याने तरी तसल्या घरातली पोर कशाला ठेवावी? डोकंच फिरलेलं. मंगळवारी त्याच्याकडे नारळ टाकायला गेलो होतो, त्यानंतर काही त्या बाजूला फिरकलो नाही. तेव्हापण तेच. म्हणे कायदा म्हणजे दूध काढणं! पिळून बाहेर काढावा लागतो म्हणे. आता म्हशीचा नि कायद्याचा काय संबंध, सांग बघू."

मथुराबाईंचा घास हातातच राहिला.

मंगळवारी सर सगळ्यांना व्हुल्गुस सांगत होते. बुधवारी तेच. गुरुवारी रात्री जेवताना पुतण्यालाही तेच. पुस्तक आलं गुरुवारी संध्याकाळी, शब्द बदलला शुक्रवारी सकाळी, कार्ड लागलं दहाला. मंगळवारी ते दूध खुद्द सरांनाच ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त राहीला. आणि राहीशी तर ह्या वाडीत कोणी बोलतच नाही, तो ठरावच अनिलचा.

म्हणजे अनिलने ते कार्ड वाचलं होतं. शुक्रवारी, दहानंतर.

"काय झालं? काटा लागला काय?" अनिलने विचारलं.

"होय," बाई म्हणाल्या. "काटाच लागला." त्या उठल्या आणि न्हाणीत जाऊन बराच वेळ चूळ भरत राहिल्या. एकदा वाटलं, काही ऐकलंच नाही असं समजावं. मान वळवायची नाही. सवय तर आहेच.

६

दोन वाजता त्या पुन्हा राहीसमोर होत्या.

"त्या कार्डाच्या खाली काय होतं? शब्दाखाली सर नेहमी उदाहरण द्यायचे. ह्या शब्दाला कसलं दिलं होतं?"

राही त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाळ, मला कळलंय. तू फक्त सांग."

"आमच्या घराचं होतं," राही म्हणाली. "सरांनी लिहिलं होतं, तळेवाडीत गावकीचा नियम सहाणेवर, देवळापुढे पालखी टेकते त्या चौथऱ्यावर, तीन बाजार टांगल्याशिवाय लागू होत नाही, ही जुनी रीत. पण भागोजी पाड्ये ह्यांचं घर वाळीत टाकलं तो ठराव एक दिवसही टांगलेला नाही. सरांनी तो कागद मिळवून पाहिला होता. तीन बाजार टांगल्याची नोंद आहे, सही आहे, पण कागदाला खिळ्याचं भोक नाही, ऊन लागल्याची खूण नाही. कोरा करकरीत. एका माणसाने घरात बसून लिहिला आणि देवाचं नाव घेऊन वाचून दाखवला. खाली त्या माणसाचं नाव होतं. आणि वाळीत टाकणं हा आता सरकारी कायद्याने गुन्हा आहे, हेपण लिहिलं होतं."

भागोजी म्हणजे राहीचे वडील. गावकीने बंद केलेल्या पायवाटेसाठी ते कोर्टात गेले, एवढाच त्यांचा अपराध. वाळीत पडल्यावर चार महिन्यांत वारले. खांदा द्यायला वाडीतून एक माणूस निघाला नाही. शेवटी अलीभाई आणि त्यांचे तिघे पुतणे आले.

"मी सरांना म्हटलं, माझ्या बापाचा बाजारात तमाशा करू नका. ते म्हणाले, तमाशा नव्हे गो, तुला न्याय हवा तर हे उन्हात आणावं लागेल. मी ओरडले, निघून गेले." राही हुंदके देऊ लागली. "तुम्हांला कसं सांगणार होते मी? तुमच्या भावाचं नाव होतं."

मथुराबाईंना त्या प्रेताची दुपार आठवली. त्या दार लावून आत बसल्या होत्या. बत्तीस वर्षं लोकांच्या दारांवर नोटिसा डकवल्या, डकवली नसली तर बेलिफाची बिनपाण्याने केली, आणि आपल्याच सहाणेवरून रोज देवळात जाताना एकदा मान वर करून पाहिलं नव्हतं की तिथे कागद आहे का. भावावर विश्वास होता म्हणून? नाही. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

"माझं चुकलं गो," त्या म्हणाल्या.

७

तीन वाजता सरांच्या पडवीत फौजदार होता, ऋत्विक होता, अलीभाई होते. अनिलला ताईने बोलावलं म्हणून तोही आला. बाजाराचा दिवस, रस्त्यावर माणसांची ये-जा. घटकाभरात कुंपणाशी पंधरा-वीस माणसं जमली. फौजदार त्यांना हाकलायला निघाला, तर मथुराबाईंनी हात वर केला.

"राहू देत. ह्या पडवीत सगळं चारचौघांसमोरच व्हायचं."

त्यांनी कोपऱ्याचं सांगितलं. दूध सांगितलं. राहीने सांगितलेली शुक्रवारची सकाळ, पुण्याच्या पुस्तकाचा टपालशिक्का, अलीभाई आणि ऋत्विक ह्यांनी सांगितलेलं व्हुल्गुस, सगळं एकामागून एक मांडलं. आवाज चढवला नाही. कोर्टात अहवाल वाचावा तसं वाचलं, फक्त कागद नव्हता.

"आज दुपारी जेवताना मला एका माणसाने सांगितलं, सर मंगळवारी त्याला दुधाचं बोलले. मंगळवारी सरांना ते माहीत नव्हतं. ते फक्त ह्या दोरीवर लिहिलेलं होतं, कालचे काही तास. त्या माणसाने ते वाचलं, खाली स्वतःचं नावही वाचलं." बाई भावाकडे वळल्या. "अनिल, तूच सांगतोस की मी सांगू?"

अनिल आधी हसला. मग फौजदाराच्या हातातल्या कागदात गुंडाळलेल्या कार्डाकडे त्याची नजर गेली आणि तो दोरीखालच्या बाकावर बसला.

"मारायला नव्हतो आलो," तो म्हणाला. "नारळच घेऊन आलो होतो. ते दिसलं. मी म्हटलं, सर, काढा ते, उद्या बाजार आहे, अख्खं गाव वाचील. पालखीला मला कोण हात लावू देईल? तर म्हणाले, हरकत असेल तर मागे पेन्सिलीने लिही आणि नाव घाल. तीन बाजार टांगू दे. पेन्सिल पुढे केलीनी माझ्यापुढे! मी हात झटकला. ते मागच्या मागे गेले. आवाज आला नुसता."

"आणि कार्ड?"

"चुलीत घातलं."

"माज्या पोरीला का अडकवलात?" कुंपणापलीकडून सोनूबाई ओरडली. ती कधी आली होती कोणी पाहिलं नव्हतं. "तुमी वाडीला सांगितलात, कोणी बोलू नका. दुपारी घरी आलेली माजी पोर एकानं पाहिलान नाय?"

अनिलने तिच्याकडे पाहिलं नाही. तो बहिणीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा शाळेच्या पहिल्या दिवसासारखा झाला होता.

"ताई, घरात बोलायचं होतंस गो. घरात. मी काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतंस? तीन वर्षं घरातच होतो ना आपण?" बाईंचा आवाज फुटला. "तूपण होतास, मीपण होते."

फौजदाराने अनिलच्या खांद्यावर हात ठेवला. गर्दीतल्या तळेवाडीच्या दोघा-तिघांनी माना खाली घातल्या आणि हळूच वाट धरली.

पावणेचारला फौजदाराने न्यायाधीशांना फोन लावला. सव्वाचारला राही ठाण्याच्या पायऱ्या उतरली. सोनूबाईने तिला मिठी मारली नाही, नुसतं तिच्या तोंडावरून, केसांवरून, दोन्ही दंडांवरून हात फिरवत राहिली, सगळी आहे की नाही बघत असल्यासारखी. मग ती मथुराबाईंकडे वळली.

"नाझरबाई, घरी चला आमच्या. च्या टाकते."

तीन वर्षांत वाडीतल्या कोणाला तिने हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी कोणी गेलं नसतं.

"येईन," बाई म्हणाल्या. "नक्की येईन. पण आत्ता नाही. माझं इथलं काम संपलेलं नाही."

मायलेकी गेल्या. मथुराबाई ठाण्यात परत आल्या आणि टेबलामागच्या हवालदारासमोर उभ्या राहिल्या.

"संध्याकाळचं जेवण घरून आणलं तर चालेल का हो? त्याला पित्त आहे. बाहेरचं तेल चालत नाही, उलट्या होतात."

हवालदाराने वही पुढे ओढली. "आरोपीशी नातं?"

"बहीण."

त्याने लिहिलं. मग दुसरा कागद बघून तो थबकला, पेन हवेतच धरून. "साक्षीदारांत पहिलं नाव मथुरा शिवलकर. ह्या कोण?"

"मीच," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडे मलाच लिहा."